नानासो सरगरांची बिनगेरची गाडी

नानासो सरगरांना उभ्या आयुष्यात कुणी निवांत बसलेलं पाहिलं नव्हतं. जेवतानासुद्धा त्यांचा एक गुडघा उभा असायचा, म्हणजे मेंढरू बुजलं की ताट सोडून पळायला सोपं. म्हणूनच तीन वर्षांपूर्वी फलटणजवळ एक टेम्पो कळपात घुसला आणि त्यात नानासोंचा डावा गुडघा चिरडला, तेव्हा आटपाडीच्या अंगाच्या सगळ्या धनगरवस्त्यांवर एकच बोलणं झालं, की आता हा माणूस काही फार दिवस काढत नाही. पाय सांगलीच्या दवाखान्यात वाचला. आत सळई घातली, जखम भरली, दुखणंही हळूहळू गेलं. फक्त गुडघा वाकायचा बंद झाला तो झालाच. बसलं की पाय समोर काठीसारखा सरळ पसरायचा, उठायचं तर भिंत धरायची.

नानासो जगले. पण घरी बसून जगणं म्हणजे काय शिक्षा असते ते त्यांच्या तोंडाकडं बघून कळायचं. त्यांचा वाडा त्यांच्याशिवाय निघून जायला लागला होता.

आता वाडा म्हटल्यावर चौक, पडवी, तुळस असलं काही डोळ्यांपुढं आणू नका. मेंढपाळांचा वाडा म्हणजे चालतं बिऱ्हाड. दिवाळी झाली की मेंढरं, घोडं, कुत्रं, कोंबड्या, भांडीकुंडी सगळं घेऊन तो आटपाडीच्या कोरड्या माळावरून निघतो, म्हसवड, दहिवडी करत घाट उतरून फलटणला जातो, तिथून लोणंद, मग सालप्याचा घाट चढून वाठार आणि पुढं कृष्णाकाठ. पावसाच्या तोंडावर माघारी. चालायची रीतही ठरलेली. बाईनं सकाळी घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि सरळ वाटेनं पुढं जाऊन मुक्काम गाठायचा. गड्यानं मेंढरं चारत आडरानानं मागून यायचं. तो पोचतो तेव्हा चूल पेटलेली असते. आणखी एकाला सगळ्यांच्या आधी म्होरं जावं लागतं. कुणाच्या मोकळ्या रानात रात्री मेंढरं बसवायची ते ठरवायला. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, शेतकरी बदल्यात धान्य देतो. हा सौदा जमला नाही तर दीडशे मेंढरांनी रात्र कुठं काढायची?

पूर्वी नानासोंच्या वाड्यात पाच-सहा बिऱ्हाडं होती, माणसांची ददात नव्हती. मग कुणाची पोरं सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्याला केरळात गेली, कुणी डाळिंब लावलं, कुणी बसलं ते बसलंच. उरली सरगरांचीच मेंढरं. त्यांच्या मागं नानासोंचा धाकटा भाऊ बिराप्पा, आणि घोड्याबरोबर नानासोंची बायको सुलाबाई. बिराप्पाची बायको पोरांच्या शाळेपायी वस्तीवर थांबलेली. मुक्काम शोधायला बिराप्पा पुढं गेला की मेंढरंही सुलाबाईंच्याच गळ्यात. साठीला टेकलेल्या बाईनं घोडं ओढायचं, का रस्त्यावरच्या ट्रकांतून मेंढरं राखायची?

यंदा संक्रांतीनंतर लोणंदहून बिराप्पाचा फोन आला. तो तसा कमी बोलणारा गडी.

"दादा, आता माझ्या एकट्याच्यानं हूत न्हाई. एक गडी कमी पडतुय. लोणंदच्या बाजारात इकून टाकू समदी. तुमी हो म्हना."

नानासो हो म्हणाले नाहीत. नाही तरी कुठल्या तोंडानं म्हणणार? आजोबांच्या हातची मेंढरं बापाकडं आली, बापाची त्यांच्याकडं. ती लोणंदच्या बाजारात दाव्याला बांधून विकायची आणि आपण वस्तीवर बसून विकल्याचं ऐकायचं, हे त्यांना सहन होईना. शेवटी म्हणाले, "मी येतुय. तवर थांब."

"कसं येताय? येष्टीनं?"

"माझ्या गाडीनं."

पलीकडं बिराप्पा हसला असावा, पण थोरल्या भावासमोर हसत नाहीत म्हणून खोकला.

गाडी खरोखरच होती. तिची कथा अशी की नानासोंची लेक सोनिया सांगलीत दवाखान्यात नर्स आहे. विश्रामबाग ते मिरज रोज जाण्यायेण्यासाठी तिनं जुन्यातली एक चिमुकली गाडी घेतली होती. बिनगेरची. म्हणजे गेर असतात, पण ते गाडी स्वतःच बदलते, क्लच नावाची भानगडच नाही. सांगलीच्या रस्त्यांना ही गाडी म्हणजे वरदान, असं सोनिया सांगायची. उसाची ट्रॉली पुढं, रिक्षा आडवी, सिग्नलला दहा वेळा थांबा आणि दहा वेळा निघा, तरी डावा पाय आरामात. बोळात वळते, दोन मोटरसायकलींच्या फटीत उभी राहते. पुढं तिला दवाखान्याशेजारीच खोली मिळाली आणि गाडी नुसती धूळ खात पडली. एका रविवारी ती गाडी घेऊन वस्तीवर आली आणि बापाला म्हणाली, "बापू, चालवता का?"

"माझा पाय?"

"डावा पाय लागतच नाही हिला."

नानासोंना वाटलं पोरगी चेष्टा करतेय. त्यांनी वाकून आत बघितलं. खाली दोनच पायटे. डाव्या बाजूला नुसती मोकळी जागा, एखाद्यानं सरळ पाय पसरून ठेवावा एवढी. आपल्या निकामी पायासाठी कुणीतरी मुद्दाम जागा राखून ठेवली आहे असं त्यांना वाटलं. सोनियानं सीट मागं सरकवली. नानासो आधी पाठीकडून बसले, मग दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत घेतला. छताला पटका लागला तो काढून मांडीवर ठेवला.

"आता ब्रेकवरचा पाय हळूच उचला. बाकी काही करायचं नाही."

त्यांनी पाय उचलला आणि गाडी चालायला लागली. कुणी रेस दिली नाही, कुणी ढकललं नाही. माणूस चालतो त्या चालीनं ती आपली आपण माळावरून निघाली. नानासोंनी घाबरून दोन्ही हात वर केले.

"आगं, ही सवताच्या मनानं चालली!"

"ब्रेक दाबा, ब्रेक!"

गाडी थांबली. नानासो घामाघूम झाले होते आणि हसत होते. तीन वर्षांत त्यांना असं हसताना सोनियानं पाहिलं नव्हतं. "म्हंजी उभी ऱ्हायाला हिला धरून ठिवावं लागतंय," ते म्हणाले. "सोडली की चालतीया. आगं, मग ह्ये तर घोडं हाय!"

आणि त्यांचं शिकणं तिथंच अर्धं झालं. दुसऱ्या गाड्या चालवून सवय झालेली माणसं या गाडीत बसली की डावा पाय क्लच शोधत फिरतो, चुकून ब्रेकवर आदळतो आणि शेजारच्याचं कपाळ काचेवर. नानासोंना मोडायला जुनी सवयच नव्हती. घोडं त्यांनी जन्मभर पाळलेलं. दुडकी चाल कधी धरायची आणि भरधाव कधी सुटायचं हे घोड्याला कुणी शिकवत नाही, ते त्याचं त्याला कळतं. गाडीलाही तसंच कळतं म्हटल्यावर त्यांना त्यात काहीच अवघड वाटेना. महिन्याभरात ते आटपाडीच्या बाजारात गाडी घेऊन जाऊ लागले. यथावकाश परीक्षा देऊन लायसनही काढलं. साहेब म्हणे पायाकडं बघत होते आणि नानासो रस्त्याकडं.

वस्तीवरच्या लोकांनी चेष्टा करायची ती केलीच. "काय नानासो, उंटावरून शेळ्या ऐकल्या हुत्या, आता गाडीतनं मेंढरं हाकणार व्हय?" गाडीही चेष्टेला निमित्त द्यायची. पोट इतकं खाली की बैलगाडीच्या चाकोरीतला उंचवटा घासून जायची. डिकीत एक पोतं मावलं की दुसरं मांडीवर घ्यावं लागे. जोर लागणारा चढ आला की मधेच एक क्षण विचार करत थांबल्यासारखी व्हायची आणि मग झटका देऊन पुढचा गेर टाकायची. आत बसलेल्यांच्या माना एकदम हो म्हणायच्या. एकदा दिवे सुरू राहून बॅटरी उतरली. झालं! सगळी वस्ती गोळा झाली. ट्रॅक्टर, जीप, मोटरसायकल, सगळं धक्क्यानं सुरू झालेलं त्यांनी पाहिलं होतं, तेव्हा ही काय लागून गेली? दहा-बारा गड्यांनी गाडी माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत नेली, परत आणली, पुन्हा नेली. गाडी ढिम्म. शेवटी सोनियाला फोन केला तर ती म्हणाली, "बापू, ती धक्क्यानं सुरू होतच नाही. आख्ख्या आटपाडीनं ढकललं तरी नाही." गड्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि गाडीला मनसोक्त शिव्या दिल्या. नानासोंना मात्र त्या शिव्या लागल्या, घरच्या जनावराला दिल्यासारख्या.

अशा गाडीत बसून, बिराप्पाच्या फोननंतर दोन दिवसांनी, नानासो एकटेच लोणंदला निघाले.

तो प्रवास ते अजून सांगतात. दिघंची मागं पडली, म्हसवड आलं. म्हसवड! वाड्याबरोबर निघालं की माणगंगा नदी ओलांडून तिथं पोचेपर्यंत कितीतरी दिवस जायचे. अमक्या विहिरीवर एक मुक्काम, तमक्या बाभळीखाली दुसरा, तिथला पाटील चांगला, इथली कुत्री वाईट. आयुष्यातल्या कितीतरी रात्री ज्या बाभळींखाली गेल्या, त्या काचेत दिसायच्या आणि पापणी लवायच्या आत मागं जायच्या. नानासोंना भीती वाटली. वेगाची नव्हे. ते जरा निराळंच होतं. दहिवडीच्या अलीकडं त्यांनी गाडी कडेला घेतली, पाय उचलून बाहेर ठेवला, उतरले आणि आलेल्या रस्त्याकडं वळून बघत उभे राहिले. रस्ता तोच आहे ना, याची खात्री करायला. तोच होता. मैलाचा तोच दगड. "देवा बिरोबा," ते मोठ्यानं म्हणाले, "हितनं मी चालत गेलोय. पावसात. पाठीवर कोकरू घिऊन."

मोगराळ्याच्या घाटात गाडी उताराला मोकाट सुटू बघत होती. ब्रेक सारखा दाबून धरायचा नाही, दांडा बाजूला सरकवून छोट्या गेरात अडकवायची, हे सोनियानं घोकून घेतलं होतं. तसं केल्याबरोबर गाडी गुरगुरली आणि लगाम खेचल्यासारखी संथ झाली. फलटण आलं तसं टेम्पोची ती जागाही आली. नानासोंनी तिकडं बघितलं नाही. दुपारच्या भाकरीला ते लोणंदजवळच्या रानात होते.

कुत्रं आधी गाडीवर धावलं. मग आतून ओळखीची शीळ आली, आणि ते जे चक्राकार फिरायला लागलं ते थांबेचना. मेंढरांनीही माना वर केल्या. सुलाबाई चुलीपुढून उठल्या, पदरानं हात पुसत जवळ आल्या, आधी नवऱ्याकडं आणि मग गाडीकडं त्यांनी नीट बघितलं.

"ही व्हय? एवढीशीच?"

"एवढीशीच हाय. पर बस तर खरं, मग कळंल."

"मेंढरांचं बघा आधी," त्या म्हणाल्या आणि भाकरी थापायला परत गेल्या.

रात्री भावाभावांचं बोलणं झालं. बाजार दोन दिवसांवर. नानासोंनी साधी गोष्ट सांगितली. उद्या सालप्याचा घाट चढायचा. बिराप्पानं मेंढरांच्या म्होरं चालायचं, आपण गाडी घेऊन मेंढरांच्या मागं. गाडी मेंढराच्या चालीनं चालतेच, मी पाहिलंय, नुसता पाय उचलला की झालं. घाट चढला तर कळप ठेवायचा. नाही चढला तर माघारी फिरून बाजार. "मी सवता दावं धरून नेतो," ते म्हणाले. बिराप्पा म्हणाला, "चालंल."

चूक झाली ती इथं, आणि ती चूक जगात फक्त मेंढपाळच करू शकतो. बाकीच्या माणसांची तक्रार असते की गाडी जोरात जात नाही. ती हळू जाणार नाही अशी शंका कुणाच्या मनात येईल?

सकाळी सुलाबाई घोडं घेऊन नेहमीप्रमाणं आधी निघाल्या. घोड्याची वाट वेगळी. डांबरी रस्ता वळणं घेत जातो, घोडं जुन्या पायवाटेनं वर चढतं. सुलाबाई त्या वाटेला लागल्या. मेंढरं रस्त्याच्या कडेनं निघाली आणि त्यांच्या मागं नानासोंची गाडी. पहिला तासभर नानासो स्वर्गात होते. काच खाली केलेली, समोर दीडशे पाठी हलताहेत, लोकरीचा वास आत येतोय, मागं राहिलेल्या मेंढीला हाक मारली की ती हाकेसरशी पळतेय. तीन वर्षांनी ते आपल्या जागेवर आले होते. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि शेवटच्या मेंढीची पाठ थोपटली.

मग चढ लागला. मेंढरं चढाला थांबत, खात, पुन्हा चालत. गाडी एक पाऊल पुढं, थांब, एक पाऊल पुढं, थांब. काहीतरी जळल्याचा वास यायला लागला. नानासोंना वाटलं कुणी पाचट पेटवलंय. समोर एक दिवा लुकलुकला, मग किणकिण वाजलं. पुढच्या वळणावर गाडीनं एक आचका दिला आणि ती उभी राहिली. पाय उचलला तर पुढं जायच्या ऐवजी मागं घसरू लागली. त्यांनी हातब्रेक ओढला. मागं ट्रक उभा, त्याचा हॉर्न, त्याच्या मागं आणखी चार. ट्रकवाल्यानं मान बाहेर काढून नानासोंच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मग ट्रकमधल्या दोघांनी उतरून गाडी कडेला ढकलली, आणि मेंढरं वळणाआड दिसेनाशी झाली.

नानासोंनी सोनियाला फोन लावला.

"किती वेळ चालवलीत तशी?"

"सकाळपास्नं."

"बापू," ती म्हणाली, "तिला तेवढं हळू चालता येत नाही हो. चढाला तर अजिबात नाही. क्लच आपल्याला दिसत नाही, पण आत आहे, तो घासून तापतो. आता तासभर निवू द्या. मग एक तर नीट जाऊ द्या तिला, नाहीतर उभी करा. मेंढरामागं नका चालवू."

नानासो कठड्यावर पाय पसरून बसले. त्यांना रडू आलं, आणि ते आवरलं नाही. शंभर मैल चुटकीसरशी तोडणारी गाडी मेंढराच्या मागं चार पावलं चालायला कमी पडली. आणि त्यांना तर तेवढंच हवं होतं. बाकी काही मागितलं होतं का?

तासाभरानं, मेंढरं जरा वेळ कुत्र्याच्या भरवशावर सोडून, वरच्या वळणावरून बिराप्पा पळत आला. त्याच्या हातात फोन होता. थोरल्या भावाचा चेहरा बघून त्यानं बाजाराचं नावही काढलं नाही. दुसरंच संकट होतं. वाठारच्या अलीकडं ज्याच्या रानात आज मेंढरं बसायची होती त्यानं ऐनवेळी नाही म्हणून कळवलं होतं. "कुनाला तरी म्होरं जायाला पायजे दादा. मी गेलो तर रस्त्यावर मेंढरं कोन राखणार? आन वैनीला तर ह्यातलं काईच ठावं न्हाई, तिच्यापाशी फोनबी न्हाई. ती तिकडंच जाणार."

नानासोंनी गाडीच्या नाकाडावर हात ठेवून पाहिला. निवली होती. "तू मेंढरं बघ," ते म्हणाले. "जातो मी."

या वेळी त्यांनी तिला तिच्या मनाप्रमाणं जाऊ दिलं. आणि काय सांगू, तीच गाडी, तोच घाट! मधेमधे तो एक झटका, माना हलायच्या तेवढ्या, बाकी वळणं घेत ती वर निघून गेली. माथ्यावर सपाटी लागली. पहिल्या रानात गहू उभा, दुसऱ्यात नकार. तिसऱ्या ठिकाणी जोतीराम नावाच्या शेतकऱ्यानं नुकताच कांदा काढला होता आणि रानाला खत हवंच होतं. तीन रात्री बसवायच्या, ज्वारीचं पोतं द्यायचं, पाणी विहिरीचं. जे ठरवायला बिराप्पाचा दिवस जायचा ते चहाचा कप संपायच्या आत झालं. जोतीराम गाडीकडं बघून म्हणाला, "मेंढकं आता गाडीतनं याय लागली व्हय?" नानासो हसले, कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी पाय उचलून गाडीत घेतला.

आता सुलाबाईंना वाटेत गाठून नवी जागा सांगायची. घोड्याची पायवाट माथ्यावर जिथं डांबरी रस्त्याला मिळते तिथं नानासोंनी गाडी उभी केली आणि दारात पाय बाहेर काढून बसले.

बऱ्याच वेळानं खालून घोड्याची मान वर आली. मग सुलाबाई.

नानासो हाक मारायला दार धरून उठले आणि तसेच बघत राहिले. चाळीस वर्षांचा संसार. त्यात सुलाबाई त्यांना कधी चालताना दिसल्याच नव्हत्या. सकाळी त्या पुढं निघून जायच्या, संध्याकाळी ते पोचायचे तेव्हा चुलीपुढं बसलेल्या असायच्या. मधला रस्ता त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आता तो समोरून येत होता. एका हातानं घोड्यावरचा बोजा धरून बाई कमरेत वाकून चढत होती. दहा-बारा पावलं टाकायची, थांबायची, कमरेवर हात ठेवून घोड्याच्या मानेला कपाळ टेकवायची, पुन्हा दहा-बारा पावलं. मधेच एक पातेलं सुटून घरंगळलं. ते आणायला ती चढलेली वाट परत उतरली आणि परत चढली. आजूबाजूला कुणी नव्हतं. ती घोड्याशी काहीतरी बोलत होती.

मग तिला गाडी दिसली. तिनं झटकन पाठ सरळ केली, पदर सावरला आणि जणू काही नुकतीच निघाली आहे अशी झपाझपा चालत आली.

नानासोंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी लपवलंही नाही.

"आगं, तू अशी चालतीस? इतकी वरसं?"

"मग कशी चालणार?" सुलाबाई म्हणाल्या. "आवं, तुमी कवा बघितलंसा?"

नानासोंनी घोडं धरलं, पाण्याची बाटली दिली आणि शेजारचं दार उघडलं. गाडीतल्या गमती त्यांना दाखवायच्या होत्या. पाय उचलला की कशी चालते, गेर कसे आपोआप पडतात, काच कशी खाली जाते. सुलाबाई बसल्या, पाठ टेकली, "मऊ हाय वं," एवढंच म्हणाल्या, आणि काच खाली जायच्या आत त्यांना झोप लागली.

ऊन उतरायला लागलं तशी मेंढरं माथ्यावर आली. नानासो घोड्याचा लगाम धरून रस्त्यात उभे होते. जन्मभर त्यांनी मेंढरांच्या पाठी आणि शेपट्या बघितल्या होत्या. आज कळप समोरून, त्यांच्याकडं येत होता. दीडशे तोंडं, तीनशे डोळे, पुढं शिंगाळ मेंढा, त्याच्या खांद्याला खांदा लावून म्हातारी मेंढी, मधून कोकरांची डोकी, आणि सगळ्यांवर सोन्यासारखी धूळ. एवढं सगळं आपलं आहे? त्यांनी पटका काढून हातात घेतला, देवळात काढतात तसा.

बिराप्पा जवळ आला. नवी जागा, तीन रात्री, ज्वारी, सगळं ऐकून त्यानं सुस्कारा सोडला.

"म्हंजी दादा, गाडी म्होरं जाणार, मी मागं. मग झालं की! जमलं. बाजार न्हाई आता?"

नानासोंना काल हेच ऐकायचं होतं. आज त्यांनी गाडीतल्या झोपलेल्या बाईकडं बघितलं.

"तिला इचारल्याबिगर न्हाई."

"वैनीला?" बिराप्पाला नवल वाटलं. मेंढरं ठेवायची की विकायची हे त्या घरात बाईला कधी कुणी विचारलं नव्हतं.

"व्हय. तिला."

त्यांनी तिला उठवलं नाही. मेंढरं कांद्याच्या रानात उतरली, बिराप्पानं तीन दगड मांडून चूल पेटवली. सुलाबाईंना जाग आली तेव्हा चूल दुसऱ्या कुणीतरी पेटवलेली बघून त्या दचकल्या. नानासो गाडीच्या दारापाशी जमिनीवर पाय पसरून बसले होते.

"ठिवायची का इकायची?" त्यांनी विचारलं. "तू म्हनशील तसं."

सुलाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं, चेष्टा आहे का ते पाहिलं. मग त्या रानात पसरलेल्या मेंढरांकडं वळल्या.

"पयलं आमी पाच-सात बायका असायचो," त्या म्हणाल्या. "हसत-भांडत कवा मुक्काम यायचा कळायचं न्हाई. ठिवा मेंढरं. मी चालून दमले न्हाई. एकली चालून दमले."

दुसऱ्या मुक्कामाला निघताना पातेली मागच्या सीटवर गेली, कोंबड्यांची डालगी डिकीत कोंबली, तरी अर्धं बिऱ्हाड उरलं ते घोड्यावर लादून बिराप्पाबरोबर मेंढरांत दिलं. सुलाबाई पुढं बसल्या. नानासोंनी ब्रेकवरचा पाय उचलला आणि म्हणाले, "बघ आता, ही सवताच्या मनानं चालती." सुलाबाई म्हणाल्या, "चालू द्या. तुमी रस्ता बघा."